रॅम्पवरची उचल

दिवसाला 10,000 डॉलर मिळणार नसतील तर आम्ही झोपेतून उठतसुद्धा नाही, असं सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा 1990 साली 'व्होग'शी बोलताना म्हणून गेली. त्यातलं 'आम्ही' म्हणजे ती आणि तिच्या तोडीची क्रिस्टी टर्लिंग्टन. लोकांनी मात्र त्यात रॅम्पवर चालणारी प्रत्येक मुलगी धरली. पुढे 'फोर्ब्स'च्या याद्यांनी या समजाला खतपाणी घातलं. 2016 मध्ये त्यांनी जिझेल बुंडशेनची वर्षाची कमाई 3 कोटी 5 लाख डॉलर लावली होती. आकडा खोटा नसेल, पण त्यावरून या धंद्याची कल्पना करणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाला भेटून तिकीटविक्रीचा हिशेब मांडण्यासारखं आहे.

तिकीट घेणाऱ्यांचा हिशेब अ‍ॅश्ली मिअर्सने मांडला. समाजशास्त्रात पीएच.डी. करता करता तिने न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये स्वतः मॉडेलिंग केलं, आणि 2011 साली 'प्रायसिंग ब्यूटी' हे पुस्तक लिहिलं. तिला आढळलं ते असं, की 'व्होग'सारख्या मासिकासाठी दिवसभर उभं राहिलं तर हातात येतात साधारण 150 डॉलर. उलट दुकानाच्या कॅटलॉगसाठी स्वेटर आणि पायजमे घालून हसणाऱ्या मुलीला दिवसाचे हजारांत मिळतात. तिचं नाव कुणाला ठाऊक नसतं, फॅशनवाले तिच्याकडे जरा नाक मुरडूनच बघतात. पण एजन्सीचा हिशेबनीस तिला 'मनी गर्ल' म्हणतो. मान आणि धन यांची दारं इतकी विरुद्ध दिशांना उघडणारा धंदा दुसरा क्वचितच असेल.

मग 150 डॉलरच्या कामासाठी रांग का लागते? कारण मासिकातल्या त्या पानावरून एखाद्या अत्तराच्या किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची नजर फिरू शकते, आणि तसं एक कंत्राट जन्माची ददात मिटवतं. मासिकं पैशाऐवजी ही आशा वाटतात. आशा फुकट वाटता येते.

मुलीला मात्र ती फुकट पडत नाही. परगावाहून, परदेशातून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं विमानाचं तिकीट, व्हिसा, चाचणीचे फोटो, ओळखीची छापील कार्डं, एकेका खोलीत बंक बेड टाकलेल्या घराचं भाडं असं सगळं एजन्सी आधी भरते आणि तिच्या खात्यावर मांडते. काम मिळालं की एजन्सी तिच्याकडून साधारण 20 टक्के घेते, गिऱ्हाइकाकडून वेगळे 20 टक्के घेते, आणि उरलेल्यातून आधीचं देणं वळतं करते. त्यातही गिऱ्हाईक पैसे देणार दोन-तीन महिन्यांनी.

या व्यवहाराला आपल्याकडे सरळ शब्द आहे: उचल. बीडकडचा ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून घेतो ती. तुलना फार ताणायची नाही. पाचटाच्या कोपीतलं बाळंतपण आणि मॅनहॅटनमधला बंक बेड एका मापाने मोजता येत नाहीत. पण ऊसतोड कामगाराला टनाचा दर निदान माहीत असतो. मॉडेलला आपल्या चेहऱ्याचा दर फोनवर दुसराच कुणीतरी ठरवताना कळतो, कधी तोही कळत नाही.

गंमत म्हणजे या धंद्यात आगाऊ रक्कम आली ती मॉडेलच्या भल्यासाठी. 1946 साली आयलीन आणि जेरी फोर्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये एजन्सी काढली आणि व्हाउचरची पद्धत आणली. गिऱ्हाइकाने पैसे देवोत न देवोत, मुलीने केलेल्या कामाचे पैसे एजन्सी आधी चुकते करी. तेव्हा आगाऊ मिळत होती ती झालेल्या कामाची मजुरी. आता आगाऊ मिळतो तो न झालेल्या कामाचा खर्च.

(पुरुषांची गोष्ट दोन ओळींत संपते. 2013 मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीतला पहिला पुरुष, शॉन ओप्राय, 15 लाख डॉलरवर होता, तर जिझेल 4 कोटी 20 लाखांवर. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त मोबदला देणारा हा विरळा व्यवसाय. त्यात आनंद मानावा की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही.)

आपण नोकरी लावून देत नाही, कारकीर्द सांभाळतो, असं म्हणत न्यूयॉर्कच्या एजन्सी वर्षानुवर्षं रोजगार संस्थांच्या नियमांतून निसटत राहिल्या. माजी मॉडेल सारा झिफने 2012 मध्ये 'मॉडेल अलायन्स' स्थापन केली, आणि त्या खटाटोपातून झालेला 'फॅशन वर्कर्स अ‍ॅक्ट' जून 2025 मध्ये लागू झाला. एजन्सीला आता नोंदणी करावी लागते, मॉडेलकडून 20 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तिची डिजिटल प्रतिकृती वापरायची तर मोबदला किती, कशासाठी, किती काळ हे लिहून वेगळी संमती घ्यावी लागते.

हे शेवटचं कलम उगाच आलेलं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये 'एच अँड एम'ने 30 मॉडेलांच्या अशा प्रतिकृती करत असल्याचं जाहीर केलं होतं. प्रतिकृतींचे हक्क मॉडेलांकडेच राहतील, असंही सांगितलं. या प्रतिकृतीला व्हिसा लागत नाही, तिकीट लागत नाही, बंक बेडही लागत नाही. आणि तिला सहज जमेल असं काम कुठलं, तर कॅटलॉगमधला स्वेटर घालून हसण्याचं, म्हणजे 'मनी गर्ल'चं.