गुहेतली रात्र

आपल्या सोलापूरच्या आसपास सगळा सपाट माळ, कोरडा वारा आणि ऊन. म्हणूनच असेल, सह्याद्री मला लांबच्या नातेवाइकासारखा वाटतो. त्याला मुद्दाम भेटायला जावं लागतं.

काही वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, आम्ही चौघे हरिश्चंद्रगडावर गेलो. हुतात्मा एक्सप्रेसनं पुणे, पुढे माळशेजकडची एसटी, खुबी फाट्याला उतरून धरणाच्या बांधावरून खिरेश्वर. मग टोलार खिंड, तिथलं दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प आणि खडी कातळचढण. १४२४ मीटर उंचीचा गड. वर पोचेपर्यंत दिवस कलला.

मुक्काम मंदिराजवळच्या कोरीव लेण्यात. दार नाही, कडी नाही. चांगदेवांनी याच गडावर तप केलं, असं परंपरा सांगते. पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघाली. शेजारच्या अनोळखी मंडळींनी पिठलं पुढे केलं, आम्ही चटणी. नावं विचारली ती जेवणं झाल्यावर! घरी मी कडी लागली का, हे दोनदा बघून झोपतो. त्या रात्री परक्या माणसांत, उघड्या गुहेत निर्धास्त झोपलो. त्याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पहाटे केदारेश्वराच्या गुहेत, कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात उतरलो. पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच अखंड उभा आहे. कुडकुडत बाहेर आलो, तर पिठलंवाल्या काकांनी माझीच सोलापुरी चादर माझ्या खांद्यांवर टाकली. म्हणाले, "आधी कोरडा हो, बाळा. चहा ठेवलाय."