आधी घेट्टो, मग कबर

आमच्या वसईतून रोमला जाणाऱ्या यात्रांच्या पत्रकांत सान लोरेन्झोचं नाव सहसा नसतं. जेरुसलेम, लूर्द, फातिमा करत आलेल्या मंडळींकडे रोमसाठी थोडाच वेळ उरतो. त्या वेळात सेंट पीटर्स, सिस्टिन चॅपेल, कलोसियम आणि त्रेवीचं कारंजं उरकायचं असतं. मी आणि माझा थोरला भाऊ येत्या ऑक्टोबरात पहिल्यांदाच रोमला निघालो आहोत, पण कुठल्याही गटाबरोबर नाही. त्याला मुख्य कारण हे एक चर्च आहे.

सान लोरेन्झो फुओरी ले मुरा हे चर्च तेर्मिनी स्टेशनच्या पूर्वेला, जुन्या तटाबाहेर, वेरानोच्या दफनभूमीला लागून आहे. सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी यांनी रोममधली सात चर्चं पायी करण्याची रीत रूढ केली. ती वाट वीस किलोमीटरहून जास्त भरते आणि सान लोरेन्झो त्या सातांपैकी एक आहे. १९ जुलै १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी या भागावर बॉम्ब टाकले तेव्हा चर्चची मोठी पडझड झाली. युद्धानंतर ते पुन्हा उभारलं गेलं. याच्या तळघरात, मोझेइकने मढवलेल्या कक्षात पोप नववे पायस यांचं पार्थिव आहे. १८८१ साली रात्रीच्या वेळी ते इथे आणलं जात असताना पोपविरोधी जमावाने ते तैबर नदीत फेकून देण्याचा प्रयत्न केला होता. एखाद्या माणसाचा इतका राग लोकांना त्याच्या मृत्यूनंतरही का असावा, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. आमच्या घरी त्यांचं नाव कृतज्ञतेनेच घेतलं जाई.

कृतज्ञतेचं कारण गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज बाप आणि इथलीच आई यांच्या पोटी १५५६च्या सुमारास वसईत जन्मलेला हा मुलगा पुढे जपानात व्यापारी झाला. नंतर मनिलामध्ये तो फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांबरोबर क्रुसावर मेला. ८ जून १८६२ रोजी रोममध्ये नवव्या पायसनी या सव्वीस जणांना संतपद दिलं. वसईच्या मातीतला माणूस जगाच्या वेदीवर गेला, तो या पोपच्या शब्दाने. लहानपणापासून मला वाटे की कधी रोमला गेलेच, तर या माणसाच्या कबरीपाशी गुडघे टेकायचे आणि आमच्या गावाच्या वतीने आभार मानायचे.

एदगार्दो मोर्तारा हे नाव मला उशिरा कळलं. १८५८च्या जूनमध्ये बोलोन्या शहरात पोपच्या शिपायांनी एका यहुदी घरातून सहा वर्षांचा मुलगा उचलून नेला. तान्हेपणी तो आजारी असताना घरातल्या ख्रिस्ती मोलकरणीने त्याला गुपचूप स्नानसंस्कार दिल्याचं सांगितलं गेलं. पोपच्या राज्याचा कायदा असा होता की स्नानसंस्कार झालेलं मूल यहुदी आईबापांनी वाढवायचं नाही. मोमोलो आणि मारियान्ना हे त्याचे आईवडील दारोदार फिरले. युरोप-अमेरिकेतून निषेध झाले, राजेमहाराजांनी रदबदली केली, पण नवव्या पायसनी नकार दिला. मुलाला त्यांनी स्वतःच्या छत्राखाली वाढवलं. १८७०च्या सप्टेंबरात इटलीच्या सैन्याने रोम घेतलं तेव्हा एदगार्दो एकोणीस वर्षांचा होता. तो घरी परतला नाही. तो धर्मगुरू झाला, पायस हेच नाव त्याने घेतलं, आणि ज्या पोपने त्याला आईपासून तोडलं त्यांच्याविषयी तो आयुष्यभर प्रेमाने बोलला. १९४० साली बेल्जियममध्ये तो वारला.

म्हणजे एदगार्दोला आणल्याला पुरती चार वर्षं झाली नव्हती, तेव्हा त्याच हातांनी आमच्या गोन्सालोला संत म्हणून उंचावलं. तो सोहळाही निव्वळ भक्तीचा नव्हता. पोपचं बहुतेक राज्य तोवर हातचं गेलं होतं. जगभरातून बोलावलेल्या शेकडो बिशपांनी त्या निमित्ताने पोपच्या राजसत्तेच्या बाजूने आपला आवाज जोडून घेतला.

हे सगळं मी दादाला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाय, तू रोमला प्रार्थना करायला जातेस की खटला चालवायला?”

दादाचा प्रश्न योग्य आहे, आणि प्रवासाची आखणी करताना मी त्याचंच उत्तर शोधते आहे. भ्रष्ट किंवा कठोर हातांतून आलेली कृपा कृपाच असते का? चर्चसमोर हा प्रश्न चौथ्या शतकातच आला होता. उत्तर आफ्रिकेतला दोनातुसपंथी गट म्हणत होता की छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार फोल आहेत. संत अगस्तिन यांनी त्यांना ठाम विरोध केला. देणारा कसाही असो, देतो तो ख्रिस्त, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी दगडी पाटातून बागेत जाणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त दिला आहे: पाटात काही उगवत नाही, पण बाग भिजते. आमच्या वाडीत रहाटाचं पाणी पाटाने केळींना जाताना पाहत मी मोठी झाले, त्यामुळे ते मला लगेच पटलं. गोन्सालोच्या संतपणाला नवव्या पायसच्या हातांनी बाध येत नाही. तो संत झाला नागासाकीच्या टेकडीवर. रोमने फक्त ते मोठ्याने सांगितलं.

पण अगस्तिन यांचं उत्तर बागेपुरतं आहे. पाण्यासाठी ज्याची जमीन खणली, त्याचं काय, हे ते सांगत नाही. मारियान्ना मोर्ताराला त्या उत्तरात जागा नाही.

आणि हा प्रश्न आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांना दूरचा नाही. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती. अनाथ हिंदू मुलांना धर्मसंस्थेच्या ताब्यात देऊन त्यांना स्नानसंस्कार द्यावा, असा हुकूम पोर्तुगीज सत्तेने १५५९ साली काढला. मुलं वाचवायला माणसं मुलूख सोडून पळाली. पुढच्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं आणि त्याचा अंमल वसईपर्यंत होता. माझ्या घराण्यातला पहिला ख्रिस्ती माणूस कोण होता, आपखुशीने आलेला की आणलेला, हे सांगणारा कागद आमच्याकडे नाही. तो असाच काकाच्या, आजीच्या हातून ओढून नेलेला एखादा पोर असू शकतो. आणि तरीही माझी आजी ज्या मायेने संध्याकाळची रोझरी म्हणायची, माझ्या वडिलांनी शेवटच्या दुखण्यात ज्या शांतपणे प्रभुभोजन घेतलं, ते सगळं खरं होतं. ते मला परत करायचं नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की हे सगळं एका मुलाच्या आक्रोशापासून सुरू झालं, तरी मी मिस्साला जायची थांबणार नाही.

एदगार्दोसुद्धा थांबला नाही. काही लोक त्याच्या श्रद्धेकडे बोट दाखवून म्हणतात, पाहा, शेवटी भलंच झालं. मला हे बोलणं सहन होत नाही. तो मुलगा श्रद्धेत सुखी होता, यावरून त्याला उचलून नेणं योग्य ठरत नाही. मिळालेल्या वस्तूबद्दलची कृतज्ञता आणि ती ज्या रीतीने मिळाली त्याबद्दलचा निवाडा, हे दोन्ही एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी राहू शकतात. ते राहिलेच पाहिजेत, असं मी मानते. एकाने दुसऱ्याला गप्प केलं की श्रद्धा खोटी पडू लागते.

मग यासाठी रोमपर्यंत कशाला जायचं, हे वसईच्या घरात बसून होत नाही का, असं माझी भाची विचारते. तिच्या बाजूला मोठी माणसं आहेत. चौथ्या शतकातले नीसाचे संत ग्रेगरी स्वतः पॅलेस्टाइनला जाऊन आले होते. जागा बदलल्याने देव जवळ येत नाही, असं त्यांनी एका पत्रात स्पष्ट लिहून ठेवलं. तुकोबांनीही तीर्थाला जाऊन मन धुतलं गेलं नाही तर काय साधलं, असं विचारलं आहे, आणि तरी पंढरीची वाट सोडली नाही. माझं उत्तर साधं आहे. देव रोममध्ये जास्त आहे म्हणून मी जात नाही. आमच्या श्रद्धेची खतावणी रोममध्ये आहे. तिच्यातली जमेची पानं मी लहानपणापासून ऐकत आले. दुसरी पानं तिथल्या रस्त्यांवर उघडी आहेत, आणि ती पायी वाचायची आहेत.

म्हणून आखणी करताना मी क्रमाला फार जपते. सेंट पीटर्स पहिल्या दिवशी, त्यात दादाचं आणि माझं एकमत. पहाटे लवकर, रांग वाढायच्या आत, खांदे-गुडघे झाकलेल्या कपड्यांत. संत पीटरच्या कबरीपाशीचं उत्खनन पाहायला आगाऊ अर्ज करावा लागतो, तो केला आहे. पोप फ्रान्सिस सांता मारिया माज्जोरेमध्ये साध्या कबरीत आहेत. तिथे दादाला एकट्याने बसायचं आहे. हे सगळं झाल्यावर एक पूर्ण दिवस मी वेगळा ठेवला आहे, आणि त्याचा क्रम मी बदलू देणार नाही: सकाळी घेट्टो, दुपारनंतर सान लोरेन्झो.

पोप चौथे पॉल यांनी १५५५ साली रोमच्या यहुद्यांना तैबरच्या काठी, पुराचं पाणी शिरणाऱ्या एका तुकड्यात कोंडलं. तोच घेट्टो. रात्री वेशी बंद होत. त्यांना सक्तीने ख्रिस्ती प्रवचनं ऐकवली जात. वेशीपाशी सान ग्रेगोरिओ नावाचं लहान चर्च आहे. त्याच्या दर्शनी भागावर यशया संदेष्ट्याची, हट्टी लोकांना उद्देशून असलेली वचनं हिब्रू आणि लॅटिनमध्ये लिहिली आहेत. ज्यांचा संदेष्टा, त्यांच्याच दारात, त्यांच्यावरच रोखलेली. मला ती भिंत पाहायची आहे. नवव्या पायसनी १८४८ साली घेट्टोचे तट पाडायला लावले होते, हेही मी विसरत नाही. पण दोन वर्षांनी परागंदा अवस्थेतून परतल्यावर त्यांनी यहुद्यांवरची बंधनं पुन्हा लादली. ती उठली १८७० साली, पोपचं राज्य गेल्यावर. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी नाझींनी याच गल्ल्यांतून आणि शहरभरातून हजाराहून जास्त माणसं धरली. आउश्विट्झला नेलेल्यांपैकी सोळा जण परत आले. घेट्टोतल्या घरांसमोर फरसबंदीत नेलेल्यांच्या नावांचे पितळी ठोकळे बसवलेले आहेत.

तिथलं मोठं सिनेगॉग १९०४ साली पुरं झालं. ते यहुदी संग्रहालयाच्या तिकिटावर आतून पाहता येतं. शनिवारी बंद, शुक्रवारी लवकर बंद, आणि त्यांचे काही सण ऑक्टोबरातही येतात, म्हणून आम्ही त्यांच्या पंचांगाशी ताडून मंगळवार निवडला. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल या सिनेगॉगमध्ये गेले. व्हॅटिकनपासून हे अंतर चालत अर्ध्या तासाचं, पण तिथे जाणारे ते आधुनिक काळातले पहिले पोप. त्यांनीच १२ मार्च २००० रोजी सेंट पीटर्समध्ये यहुदी लोकांविरुद्ध झालेल्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यांनीच त्याच वर्षी ३ सप्टेंबरला नवव्या पायसना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. त्या दोन तारखा मी अजून एकमेकींशी जुळवू शकलेले नाही. मी त्या माणसावर प्रेम करते, आणि दुसरी तारीख मला बोचते.

घेट्टो आधी का, हे दादाला मी शुभवर्तमानातूनच सांगितलं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, अशा अर्थाची येशूची आज्ञा आहे. मारियान्नाकडे आता जाता येत नाही. तिच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आज कुणालाच नाही, आणि चर्चच्या वतीने ती मागण्याचा मला नाही. पण पावलं कुठल्या क्रमाने टाकायची, हे माझ्या हातात आहे.

दादा आता क्रमाला राजी आहे. आमचा वाद उरला आहे तो कबरीपाशी काय म्हणायचं याचा. धन्यवादित व्यक्तीकडे मध्यस्थी मागावी, असं चर्च सांगतं, आणि दादा ती मागणार आहे. त्याच्या नातवासाठी मागायचं त्याने ठरवलंही आहे. मी त्याला अडवणार नाही. मला स्वतःला नवव्या पायसकडे काही मागता येणार नाही. गोन्सालोसाठी आभार मानेन, आणि मग त्यांच्यासाठी प्रार्थना करेन, मेलेल्या कुठल्याही ख्रिस्ती माणसासाठी करतो तशी.

मारियान्नासाठीही करावी, असं मनात होतं. पण तिच्यावर आमची प्रार्थना लादणं म्हणजे तिच्या घरात जे घडलं तेच पुन्हा लहान प्रमाणात करणं होईल, असं वाटलं. शेवटी मी एकशे तिसावं स्तोत्र निवडलं. ते आधी तिच्या लोकांचं, मग आमचं. आमच्याकडे अंत्यविधीला ते म्हटलं जातं, त्यामुळे दादाला ते मराठीत तोंडपाठ आहे. एवढं तरी दोघांनी मिळून म्हणायचं, हे त्याने कबूल केलं आहे.