उकिरडावेशीचें काम

(शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ३ व ४)



नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय मंडळींत वाचावयास घेतला म्हणजे पुष्कळांस कंटाळा येतो. नांवामागून नांवें आणि वेशीमागून वेशी. यांत बोध तो कोणता, असें वाटतें. परंतु जीं कामें करावयास मन घेत नाहीं त्यांविषयीं याहून चांगला धडा शास्त्रांत क्वचितच सांपडेल.

इ. स. पूर्वीं ४४५ च्या सुमारास नहेम्या इराणच्या बादशहाची परवानगी घेऊन यरुशलेमेस आला. नगराचा तट पडलेला होता, वेशी जळून गेल्या होत्या. त्यानें काम वांटून दिलें. मुख्य याजक एल्याशीब यानें आपल्या भावांसह मेंढेवेस बांधिली व तिची प्रतिष्ठा केली. सोनार व सुगंधी द्रव्यें करणारे कारागीर कामास लागले; शल्लूम नांवाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलींनींहि हात लाविला. मग चवदाव्या ओवींत उकिरडावेशीची पाळी येते. नगरांतला केरकचरा जिच्यांतून बाहेर नेत, ती ही वेस. ती कोणाच्या वांट्यास आली? बेथ-हक्करेम परगण्याचा नायक मल्कीया याच्या. त्यानें ती उभारिली, दारें बसविलीं, कड्या व अडसर लाविले. तिच्या प्रतिष्ठेचा येथें एक शब्दहि नाहीं. पण इतर वेशींचें काम जसें पुरें झालें तसेंच हिचेंहि झालें.

यांतून तीन गोष्टी शिकाव्या.

पहिली ही कीं, आवड आधीं व काम मागून, असा क्रम देवानें घालून दिलेला नाहीं. मल्कीयास हें काम आवडलें असें शास्त्र सांगत नाहीं; त्यानें केलें, एवढेंच सांगतें. आपण म्हणतों, मन लागेल तेव्हां करूं. पण शेतांतलें तण आपल्या मनाची वाट पाहत थांबतें काय? खुरपणीला बसलेली बाई हें जाणते. सगळ्या शेताकडे पाहिलें तर हात गळतात. पहिली पात धरिली म्हणजे हात चालूं लागतो आणि मन त्याच्यामागून येतें.

दुसरी ही कीं, वांटा लहान व जवळचा असावा, आणि शेजारीं सोबती असावा. याजकांनीं आपापल्या घरासमोरचा तट बांधिला, असें अठ्ठाविसाव्या ओवींत आहे. सारा तट कोणा एकाच्या डोक्यावर नव्हता. एकाच्या शेजारीं दुसरा, दुसऱ्याच्या शेजारीं तिसरा, असे ते उभे होते. बोधकबंधूंनो, सारा गांव केव्हां शिकेल या चिंतेनें तुमची पाटी कोरी राहूं नये. आज रात्रीं एका म्हाताऱ्या बहिणीस दोन अक्षरें गिरवूं द्या. ज्या अंथरुणास खिळलेल्या आजाऱ्याकडे जाण्याचा धीर एकट्यास होत नाहीं, त्याच्याकडे एका वडील बंधूस बरोबर घेऊन जा.

तिसरी ही कीं, काम अर्ध्यावर आलें म्हणजे थकवा येणारच. तट अर्ध्या उंचीचा झाला, तेव्हां यहूदी लोकच म्हणूं लागले कीं, ओझीं वाहणारे थकले आणि मातीचा ढीग तर फार आहे. ही कुरकूर शत्रूची नव्हे, घरच्या माणसांची होती. नहेम्यानें त्यांस दोष दिला नाहीं. त्यानें कुटुंबाकुटुंबांनीं माणसें उभीं केलीं, हें काम कोणासाठीं आहे त्याची आठवण दिली, आणि काम पुढें चालविलें. बावन्न दिवसांत तट पुरा झाला.

आपल्या भाषेंतील शुभवर्तमानाच्या इतिहासांतहि असें घडलें आहे. श्रीरामपुराच्या छापखान्यांतून मराठी नवा करार १८११ सालीं निघाला. पुढच्याच वर्षीं, मार्च १८१२ मध्यें, त्या छापखान्यास आग लागली आणि कागद, खिळे व अनेक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळालीं. एकदां केलेलें पुन्हां करणें याहून नीरस काम कोणतें? तरी वितळलेल्या धातूचे खिळे पुन्हां ओतले गेले, आणि विल्यम केरीसाहेब पुन्हां मेजाशीं बसले.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस गांवचीं मेलेलीं जनावरें ओढावीं लागत, तीं आपखुशीनें नव्हे. जन्मावरून तें काम त्यांच्यावर लादलेलें होतें. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द केली, आणि मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्यानें महार वतन व त्याबरोबरची चाकरी संपविली. घाण उपसणें हें तुमचेंच काम, असें कोणी आज म्हणेल तर तें देवाचें वचन नव्हे. तें निर्भयपणें नाकारावें. यरुशलेमेंत उकिरडावेस परगण्याच्या नायकानें उचलली, हें ध्यानांत ठेवा.

पण दुसरीकडेहि एक खड्डा आहे. लादलेलें काम सुटलें म्हणून केरसुणीच लाजिरवाणी वाटूं लागली, आणि प्रार्थनामंदिर झाडणें एका गरीब विधवेवर पडलें, तर आपण नवी उतरंड रचिली. तकोवाच्या सरदारांनीं असेंच केलें. त्यांनीं कामाला मान वांकविली नाहीं. त्यांच्याच गांवच्या साध्या लोकांनीं मात्र आपला भाग करून शिवाय दुसराहि भाग बांधिला. दोघांचीहि नोंद शास्त्रांत राहिली आहे. आणि आपल्या प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, ते कोणी सक्ती केली म्हणून नव्हे. गुरु व प्रभु असतां त्यानें स्वतः कमरेस रुमाल बांधिला.

यास्तव या आठवड्यांत प्रत्येकानें एक असें काम निवडावें, जें बरेच दिवस टाळलें आहे. मंडळीच्या पंचांनीं मंदिर झाडण्याची पाळी लावावी व तींत पहिलें नांव आपलें घालावें. काम हातीं घेण्यापूर्वीं लहानशी प्रार्थना करावी. आवड मागूं नये, निष्ठा मागावी.

बाराव्या अध्यायांत तटाच्या प्रतिष्ठेचा दिवस आहे. उपकारस्तुति करणारांची एक टोळी तटावरून उजवीकडे निघाली, ती कोणत्या वेशीच्या दिशेनें? उकिरडावेशीच्या. जेथें प्रतिष्ठेचा शब्द नव्हता तेथें स्तुतीचा आवाज पोहोंचला. आपल्या हातचें काम कोणी पाहो वा न पाहो, देव तें पाहतो. त्याचें साहाय्य तुम्हां सर्वांस लाभो. आमेन.