काळजी करणे आणि काळजी घेणे

सज्जनहो, आज ज्या विषयावर आम्ही लिहावयास बसलो आहोत तो विषय लाजेचा आहे. कीर्तनात तो कोणी काढीत नाही, घरात काढीत नाही, आणि वैद्यापुढेही पुष्कळदा काढीत नाही. पण ज्या लाजेपायी माणसे दुखणे अंगावर काढतात, त्या लाजेविषयी बोलण्यापुरती तरी कोणी लाज सोडलीच पाहिजे. आमचे वय सदुसष्ट. आता आम्हीच सोडतो.

गेल्या आषाढीच्या वारीत, तरडगावच्या मुक्कामी, पहाटे अंधारात शौचास गेलो असता मोबाईलच्या उजेडात रक्त दिसले. थोडेथोडके नाही, चांगले दहा-बारा थेंब. दुखत काही नव्हते. त्या दिवशी फलटणपर्यंतची वाट आम्ही सगळ्यांबरोबर चाललो. मुखात नाम होते, हातात टाळ होते, पण मन मागे त्या रक्तापाशीच राहिले होते. पुढे पंढरपूर आले, एकादशी झाली, घरी परतलो. रक्त अधूनमधून पडतच राहिले.

आम्ही काय केले? काही नाही. मनाशी ठरवून टाकले की ही मूळव्याधच. सुरण खाल्ला, ताक वाढवले, तिखट सोडले. कोणाला विचारले नाही. कीर्तनाला उभे राहायचे म्हणजे अंगावर पांढरे धोतर, मागे टाळकरी, समोर हजार-पाचशे माणसे. दोन तास एकच धास्ती, की डाग पडला तर? अभंगाचे निरूपण चालू असताना आमचे अर्धे लक्ष धोतराच्या सोग्याकडे असे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत अख्खा चातुर्मास आम्ही हे लपवले. लोक चातुर्मासात कांदा-वांगे सोडतात, आम्ही खरे बोलणे सोडले म्हणाना!

शेवटी उघडकीला आले ते धोतरामुळेच. आमचे कुटुंब एके दिवशी म्हणाले, "अहो, महिनाभर पाहतेय, धोतर तुम्हीच धुताय. चाळीस वर्षांत कधी धुतलं नाहीत. काय लपवताय?" सांगावेच लागले. आम्हांला वाटले, ती घाबरेल. ती म्हणाली, "आम्हां बायकांचा जन्म रक्त पाहण्यात गेला, तुम्हांलाच कसली एवढी लाज? उद्या दवाखान्यात जायचं." दुसऱ्या दिवशी गेलो.

तिथली डॉक्टरीण आमच्या लेकीपेक्षाही लहान. आम्ही आपले जड जड शब्द काढू लागलो, "मलविसर्जनसमयी किंचित्..." वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "महाराज, सरळ सांगा. संडासला रक्त पडतं का?" आम्ही "हो" म्हणालो. त्या एका अक्षराला चार महिने लागले होते. मग तिने विचारले: केव्हापासून, रंग कसा, वरून थेंब पडतात की मळात मिसळलेले असते, पोटाची सवय बदलली का, वजन उतरले का, घराण्यात कोणाला आतड्याचे दुखणे होते का. यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आम्हांस देता आली नाहीत. कारण चार महिने आम्ही भीत होतो, पण नीट पाहिले मात्र नव्हते.

पुढे दुर्बिणीची तपासणी झाली. आदल्या दिवशी पातळ पदार्थांवर राहायचे, औषध घालून भरपूर पाणी प्यायचे आणि पोट साफ करायचे. कष्ट असतील तर ते त्याचेच. प्रत्यक्ष तपासणीत आम्हांस गुंगीत काही कळले नाही. मूळव्याधीचे कोंब निघाले, आणि त्याच्या वर आतड्यात एक लहानशी गाठही निघाली. ती दुर्बिणीतूनच काढून तपासायला पाठवली आहे. डॉक्टरीण म्हणाली, "अशा बऱ्याचशा गाठी साध्या असतात. काही मात्र वर्षानुवर्षे तशाच ठेवल्या तर कर्करोगाच्या वाटेने जातात. म्हणून काढलेली बरी. आठ दिवसांनी या." आज पाचवा दिवस आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्हांस निकाल कळलेला असेल. लिहिताना कळलेला नाही, आणि मुद्दामच आज लिहीत आहोत. निकाल हाती आल्यावर लिहिले असते तर आमच्या शहाणपणाला निकालाचा रंग चढला असता.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. गेली चाळीस वर्षे आम्ही लोकांना सांगत आलो की देह नाशिवंत आहे, त्याचा भरवसा धरू नका. आणि चार थेंब रक्त पाहून आमचीच झोप उडाली. मग आमचे सांगणे खोटे म्हणायचे का? या पाच रात्रींत हाच प्रश्न आम्ही स्वतःला पुनःपुन्हा विचारला.

विचारांती असे वाटते की भय वाटले हा दोष नव्हे. विस्तवाजवळ हात नेला तर ज्ञान्याचाही हात मागे येतो. तो देहाचा धर्म आहे. दोष दुसरीकडे होता. आम्ही चार महिने जपत होतो ते काय? देह म्हणावा, तर देह जपणारा वैद्याकडे जातो. आम्ही जपत होतो ती महाराजपणाची इभ्रत. 'देहाकडे आमचे लक्ष नाही' असे वरवर म्हणायचे, आणि या देहाची अमकी जागा कोणी पाहू नये म्हणून जीव धोक्यात घालायचा, याला वैराग्य म्हणत नाहीत. हा देहाभिमानच, फक्त भगवी वस्त्रे नेसून आलेला! ज्याला आम्ही विरक्ती समजत होतो तो शुद्ध मान निघाला. भीतीपेक्षा या शोधानेच आम्हांस अधिक खजील केले.

आणि ही लाज शास्त्राने शिकवलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. सुश्रुताचार्यांनी अर्श म्हणजे मूळव्याध आणि भगंदर या दोहोंना आठ महागदांत, म्हणजे बऱ्या होण्यास अवघड अशा मोठ्या रोगांत गणले आणि त्यांवर अध्यायच्या अध्याय लिहिले. योगरत्नाकरात रोग्याच्या आठ परीक्षा सांगितल्या आहेत: नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टी आणि आकृती. पाहा, मलाचा क्रमांक तिसरा आहे, जिव्हेच्याही आधी! प्राचीन आचार्यांना त्या शब्दाचा संकोच नव्हता. गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा खराट्याने गावची घाण काढीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. घाणीचे नाव घेण्याने त्यांच्या कीर्तनाचे सोवळे मोडले नाही. मग आमचेच कसे मोडणार होते?

वेदान्तात रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपण शेकडो वेळा ऐकला आहे. अंधुक उजेडात दोरीवर साप भासतो, माणूस घामाघूम होतो. दिवा आणताच दोरी दिसते आणि भय जाते. दुखणेकऱ्याला लोक हाच दृष्टान्त देऊन म्हणतात, "काही नसेल हो, उगाच घाबरू नका." हे अर्धेच खरे आहे. वेदान्तातल्या दिव्याखाली दर वेळी दोरीच निघते. दवाखान्यातल्या दिव्याखाली पुष्कळदा दोरी निघते, पण कधी साप साप म्हणूनच निघतो. तेव्हा या दृष्टान्ताचे सार 'ती दोरीच आहे' हे नव्हे. 'दिवा आणा' हे सार आहे. दोरी असेल तर भय जाईल. साप असेल तर तो केवढा आहे, कुठे आहे, काठी कोणती लागेल, हे कळेल. अंधारात यांतले काहीच कळत नाही. तिथे दोरीही चावते.

दिवा मागवला, तरी तो येईपर्यंतचा काळ उरतोच. तो कसा काढावा?

न्यायशास्त्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. मधे पाच पायऱ्या आहेत. संशयावरून उडी मारून निर्णयावर जाता येत नाही, ही ऋषींची शिस्त आहे. तपासणीचेही तसेच. काढलेला तुकडा आधी औषधाच्या पाण्यात ठेवतात, मग मेणात बसवतात, त्या मेणाचे केसापेक्षाही पातळ काप काढतात, त्यांना रंग देतात, आणि मग जाणकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. आठ दिवस त्याला लागतात. 'तपासायला पाठवले' याचा अर्थ 'वाईट निघाले' असा नव्हे. न पाठवता सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण मन हे ऐकत नाही हो! पहिल्या रात्री आम्ही नातवाचा मोबाईल घेऊन बसलो. दोन वाजता मरण नक्की ठरले, तीन वाजता मूळव्याध ठरली, चार वाजता पुन्हा मरण. पहाटे काकड्याला बसलो तेव्हा डोळे लाल. संशयाचा संशयच राहिला होता, झोप तेवढी गेली होती.

आपल्या मराठीत एक मोठी गंमत आहे. 'काळजी' हा शब्द एकच, पण आपण काळजी करतोही आणि काळजी घेतोही. काळजी करणारा रात्री कूस बदलतो. काळजी घेणारा सकाळी दवाखान्याची वाट धरतो. चार महिने आम्ही काळजी केली, एक दिवसही काळजी घेतली नाही. आचार्यांनी ज्ञान हे वस्तुतंत्र आणि कर्म हे पुरुषतंत्र म्हटले आहे. ज्ञान वस्तू जशी असेल तसेच व्हायचे, तिथे आपली इच्छा चालत नाही. कर्म मात्र करावे, न करावे, निराळ्या रीतीने करावे, हे आपल्या हाती. त्या मेणातल्या तुकड्यात जे आहे ते आहेच. अहवाल ते निर्माण करणार नाही, फक्त सांगणार आहे. आमच्या जागण्याने त्याचा रंग पालटायचा नाही. पण सांगणे, जाणे, तपासून घेणे, पथ्य पाळणे, हे सारे पुरुषतंत्र. वस्तुतंत्राच्या ठिकाणी हात मारीत बसणे म्हणजे काळजी करणे; पुरुषतंत्राच्या ठिकाणी हात घालणे म्हणजे काळजी घेणे.

हे उमजल्यावर आम्ही काही नेम धरले. मोबाईलला विचारणे बंद. जे विचारायचे ते कागदावर टिपून ठेवायचे आणि डॉक्टरिणीलाच विचारायचे. भय दाटून आले तर कुटुंबाला उठवून सांगायचे, एकट्याने गिळायचे नाही. हरिपाठ नेहमीचा, पण त्यात सौदा नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या तोंडून निघालेच होते, "पांडुरंगा, अहवाल चांगला येऊ दे, मी अमुक करीन." मग आमचीच आम्हांला लाज वाटली. लेकराने आईजवळ रडावे, त्याला कोणी दोष देणार नाही. पण भाव ठरवू नये. आता आम्ही एवढेच म्हणतो की जे असेल ते ऐकायला बळ दे. भय पुरते गेले म्हणाल, तर नाही. हे लिहिताना मधेच फोन वाजला आणि छातीत धस्स झाले. पाहतो तर कीर्तनाच्या तारखेसाठी कोणी विचारीत होते. भय आहे. फक्त ते आता उंबऱ्यावर बसले आहे, गादीवर नाही.

एक गोष्ट सांगून आवरते घेतो. तपासणीनंतर आमच्या वीणेकऱ्यांना आम्ही सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "महाराज, मला दोन वर्षं झाली. तुमच्यासमोर असलं कसं बोलणार?" आमच्या काळजात चर्र झाले. आम्ही उंच बसलो, म्हणून शेजारचा माणूस दोन वर्षे मुका राहिला. पुढच्या आठवड्यात तेही तपासणीला जात आहेत.

वारकरी बंधूंनो, मातांनो, तुमच्या दिंडीतही अशी मुकी माणसे असतील. कोणा माउलीला छातीत गाठ लागत असेल, कोणाच्या अंगावरून जात असेल, कोणा म्हाताऱ्याची लघवी अडत असेल. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच न पिता चालणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. रक्त दिसले तर बहुधा साधेच कारण असते. बीट खाल्ल्यानेही रंग येतो, लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा होतो. पण साधे की अवघड, हे आपण ठरवू नये. विशेषतः वय झाले असेल, पोटाची सवय पालटली असेल, वजन आपोआप उतरत असेल, तर एक दिवसही अंगावर काढू नये. घरात एकाला सांगावे, वैद्याला सरळ शब्दांत सांगावे. आणि कोणी आपल्याला असे सांगू लागला तर हसू नये, चारचौघांत बोलू नये, "काही नसेल" म्हणून वाटेला लावू नये. "चल, मी येतो बरोबर" एवढेच म्हणावे.

आपण एकमेकांच्या पाया पडतो ते कशाला? समोरच्या देहातही तोच आहे, म्हणून. मग त्या देहाची एखादी जागा त्याच्यावाचून ओस कशी असेल?

तीन दिवसांनी अहवाल येईल. आम्ही दोघे मिळून आणायला जाणार आहोत. रामकृष्णहरि.