फादरांना जाऊ द्या

धामणगाव बढे,
ता. मोताळा, जि. बुलढाणा

चि. बाळास,

तुझं पत्र पोचलं. तुमच्या धर्मग्रामाचे फादर वर्षभर अभ्यासासाठी आणि साधनेसाठी पुण्याला चालले आहेत. मंडळीत कोणी म्हणतं फादर दमले, कोणी म्हणतं रुसले, कोणाला वाटतं बिशपांनीच हलवले. आणि तू विचारतोस, देवाच्या कामाला रजा कशी?

त्यांचा एखादा आठवडा डोळ्यांपुढे आण. रोजची मिस्सा, लग्नाचे कागद, मयत, दवाखान्यातली भेट, शाळेच्या कटकटी, हॉलचं वीजबिल, आणि रविवारी उभं राहून प्रवचन. पुस्तक हाती येतं ते रात्री, डोळे मिटत असताना. अशी पंधरा-वीस वर्षं गेली की प्रवचन जुन्या वहीतून येऊ लागतं. ऐकणाऱ्याला ते कळतं. बोलणाऱ्याला त्याच्याही आधी कळतं. ज्याला ते बोचतं, तोच रजा मागतो. न बोचणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढून वाच. सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या, अशी तिथे आज्ञाच आहे. कपाशीवर कपाशी घेत गेलं की काळी जमीनसुद्धा हात आखडते, हे आपल्या मोताळ्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. चर्चनेही हे ओळखलं आहे. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेत धर्मगुरूंनी दीक्षेनंतरही अभ्यास चालू ठेवावा, एकांतसाधनेला जावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि साधनेचे ते दिवस सुटीत धरायचे नाहीत. म्हणजे साधना हे कामच आहे.

तिथे करतात काय, हेही विचारलंस. पुण्यात ज्ञानदीप या कॅथलिक संस्थेसारख्या ठिकाणी बायबलचा आणि धर्मशास्त्राचा अभ्यास होतो. अनेक जण संत इग्नेशियस यांनी घालून दिलेली तीस दिवसांची साधना करतात. महिनाभर मौन. दिवसातून चार-पाच वेळा, एकेक तास, शुभवर्तमानातला एखादाच प्रसंग घेऊन बसायचं. बोलणं फक्त मार्गदर्शकाशी, तेही दिवसातून थोडा वेळ. पहिल्या आठवड्यात स्वतःच्या पापांकडे सरळ बघावं लागतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं पापनिवेदन ऐकलेल्या माणसाला हे सोपं जात असेल का? याला आराम म्हणणाऱ्यांनी एक दिवस तरी तसं बसून बघावं.

आता नेहमीच्या कामातून बाजूला झालेले, आपल्याच मुलखात काम केलेले दोघे बघ. जॅक विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू अहमदनगरकडे काम करत होते. मायदेशी सुटीवर गेले, कामापासून लांब झाले, तेव्हा प्रार्थनेत त्यांच्या मनाने घेतलं की साहेबी राहणी सोडून इथल्या लोकांसारखं, इथल्या लोकांबरोबर राहायचं. परतल्यावर १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ उभा केला. तेच काम करत राहिले असते तर हे सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये दीक्षा, पुढे 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन. सगळं नीट चाललेलं. आणि १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम आणि पगार दोन्ही सोडलं. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्या ख्रिस्तभक्तांची ती बैठक. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असं मानणारा हा माणूस. त्याला परकी चौकट पुरेना. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले, म्हणजे जेमतेम दोन वर्षं मिळाली. दरबार फार टिकला नाही. तरी ती दोन वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही: टिळक विसरले गेले नाहीत, आणि पुढे त्यांचं चरित्र लिहिलं ते याच विन्स्लोंनी, १९२३ मध्ये. टिळकांच्या घरावर अशा निर्णयांचा भार किती पडे, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाच.

टिळकांना परतीची जागा नव्हती. तुझ्या फादरांना आहे, आणि ती राखणं तुम्हा लोकांच्या हातात आहे. मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग तू घे. कॉलेजात जातोस, तेवढं जमेल. नवे धर्मगुरू येतील त्यांना "आमचे फादर असं करत नव्हते" हे ऐकवू नका. साधनेच्या महिन्यात फादरांना फोन करू नका. हॉलच्या वीजबिलासारख्या कटकटी तुमच्या तुम्ही मिटवा.

वर्ष संपून ते परत आले की पहिल्याच दिवशी पावतीपुस्तकं घेऊन त्यांच्या दारात जाऊ नका. काय वाचलंत, काय सापडलं, ते विचारा, आणि सांगू लागले की घड्याळाकडे न बघता ऐका. मला यायला जमलं तर मलकापूरहून गाडी धरीन. मलाही ऐकायचं आहे.

तुझा,
आजोबा