मिटलेल्या ओठांचं म्हणणं

डिमेन्शिया हा मरणाकडे नेणारा आजार आहे, हे आपल्याकडे डॉक्टरसुद्धा क्वचितच स्पष्ट सांगतात. तो घरात शिरतो विसरण्याचा आजार म्हणून, आणि शेवटपर्यंत त्याच नावाने वावरतो. किल्ल्या सापडत नाहीत, नातवंडांची नावं उलटसुलट होतात, भर दुपारी ‘मला माझ्या घरी जाऊ दे’ सुरू होतं, आणि या सगळ्याला घरचे हळूहळू सरावतात. पण जो मेंदू आठवणी सांभाळतो तोच गिळणंही सांभाळतो, ही गोष्ट फार उशिरा कळते, बहुतेक वेळा एखाद्या जीवघेण्या ठसक्यानंतर. आईचा आजार आमच्याकडे असाच आला. मला लिहायचंय ते मात्र तिच्या विसरण्यापेक्षा तिच्या जेवणाबद्दल.

अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकाराच्या अगदी पहिल्या नोंदींतही जेवण आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आलोइस अल्झायमर यांनी आउगुस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या बाईंना तपासलं. दुपारी त्या फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होत्या. काय खाताय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, पालक. ही नोंद स्मृतिभ्रंशाचा दाखला म्हणून पुनःपुन्हा सांगितली जाते. मला तीत आणखी एक दिसतं, पदार्थाचं नाव गेलं होतं आणि जेवण अजून चालू होतं. एप्रिल १९०६ मध्ये त्या गेल्या, अंथरुणाला खिळून, पाठीला झालेल्या जखमांतून रक्तात जंतुसंसर्ग पसरून. म्हणजे या आजाराची सुरुवात आणि शेवट, दोन्ही पहिल्याच रुग्णाच्या कागदांत लिहून ठेवलेले आहेत. आपण त्यातली सुरुवातच तेवढी वाचत आलो.

भरवण्याचं एक शास्त्र आहे. ते मला पुस्तकांपेक्षा ब्युरोतून येणाऱ्या मावशींनी जास्त शिकवलं. पाठ सरळ हवी, मान किंचित पुढे, हनुवटी छातीकडे. चमचा अर्धाच भरायचा. घास गळ्याखाली उतरलेला दिसल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. भाताची शितं सुटी राहिली की ठसका लागतो, पार एकजीव केला की तोच भात उतरतो. सगळ्यांत अवघड पाणी, कारण पातळ पदार्थ पटकन घसरतो आणि श्वासनलिकेकडे वळतो. म्हणून पेज दाट, आंबील दाट, ताकाऐवजी घुसळलेलं दही. जेवण झाल्यावर गालात काही साठून राहिलंय का ते बघायचं, आणि निदान अर्धा तास तिला आडवं करायचं नाही. एका वाटीला तासभर लागायचा. भेटायला येणारे दारातच विचारायचे, ‘ओळखते का अजून?’ मला या प्रश्नाचा मनापासून राग यायचा. तिला मी कोण हे कळत नव्हतं, पण चमचा जवळ आला की ती तोंड उघडायची, मेतकुटाच्या वासाला थोडं आधीच. त्या तासात आम्हा दोघींमध्ये जे चालायचं ते माझ्या लेखी बोलणंच होतं, आणि त्याला नावांची गरज लागत नव्हती.

मग एक दिवस ओठ मिटले. चमचा लागला की ती मान वळवायची, जिभेने घास बाहेर लोटायची. मिटलेले ओठ दर वेळी मरणाबद्दलच सांगतात असं नाही, हे आधी पक्कं करावं लागतं. तोंडात बुरशीचा संसर्ग असतो, दात दुखत असतो, बरेच दिवस पोट साफ झालेलं नसतं, झोपेच्या गोळीने गुंगी आलेली असते. दुखतंय हे तिला सांगता येत नाही. ते कपाळावरच्या आठ्यांवरून, श्वासावरून, कण्हण्यावरून, मिटलेल्या मुठींवरून वाचावं लागतं. डॉक्टर घरी आले, तोंडातला पांढरा थर त्यांनी दाखवला, औषध दिलं, आणि आई पुन्हा जेवू लागली. काही आठवड्यांनी ओठ पुन्हा मिटले. या वेळी शोधून काढण्यासारखं कारण उरलं नव्हतं.

‘पोटात अन्नाचा कण नाही, उपाशी मारायचंय का तिला?’ मामा म्हणाले. परदेशातून भावाचा फोन, ‘ताई, नळी घालून बघूया ना.’ दोघांचंही प्रेम खरं होतं. ज्या घरात पाहुण्याला न जेवता जाऊ देत नाहीत तिथे आईच्या तोंडासमोरून चमचा मागे घेणं पाप वाटणारच. पण नळीबद्दल जे माहीत आहे ते सांगायलाच हवं. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नाकातून किंवा पोटातून घातलेल्या नळीने आयुष्य वाढतं असा पुरावा नाही. न्यूमोनियाही टळत नाही, कारण लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न फुप्फुसात जातच राहतं. रुग्ण नळी उपसतो, म्हणून त्याचे हात बांधले जातात. अमेरिकेतली वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संघटना अशा वेळी नळीऐवजी हाताने, जपून भरवण्याचा सल्ला देते. बॉस्टन परिसरातल्या शुश्रूषागृहांतल्या ३२३ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षात त्यांतले निम्म्याहून अधिक गेले, आणि खाण्यापिण्याची अडचण सुमारे ८६ टक्के रुग्णांना आली. ती अडचण या आजाराच्या वाटेवरच असते. मरण जवळ येऊ लागतं तशी भूक आधी निघून जाते.

या संदर्भात मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग फार आठवतात. १९७३ मधल्या हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यानंतर बेचाळीस वर्षं त्या तिथल्या परिचारिकांच्या हाती होत्या. त्यांच्या अंगावर एकही जखम होऊ न देण्याची त्या परिचारिकांची कीर्ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात नोंदली गेली; मासे आणि चिकन सूप भरवताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू येई, हेही. अन्न थांबवण्याच्या मागणीला त्या परिचारिकांनी विरोध केला, आणि तो मला पूर्ण पटतो. पण अरुणांचा आजार पुढे सरकणारा नव्हता. खाणं त्यांना हवं होतं. आईचं शरीर रोज एक पाऊल मागे घेत होतं. ज्या न्यायाने त्यांना भरवत राहणं योग्य होतं, त्याच न्यायाने आईचा नकार ऐकणं योग्य होतं.

अन्न सोडून जाण्याला आपल्याकडे नाव आहे, मानही आहे. प्रायोपवेशन, सल्लेखना. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी आणि औषध नाकारलं, आणि १५ तारखेला देह ठेवला. तिथे संकल्प होता. संकल्प करणारं मनच विझल्यावर उरतात ते नुसते ओठ, आणि त्यांच्या नकाराला आपण आडमुठेपणा म्हणतो, चमचा दातांवर दाबतो. मला वाटतं, त्या नकाराचा मान विनोबांच्या नकाराइतकाच राखला पाहिजे. किंबहुना थोडा जास्तच, कारण अशा आईच्या बाजूने बोलायला ती स्वतः उरलेली नसते.

आम्ही नळी घातली नाही. मागेल तेव्हा, घेईल तेवढं, हे ठरलं. मागणं म्हणजे ओठ विलग होणं. भिजवलेल्या कापसाने तोंड ओलं ठेवायचं, ओठांना तूप लावायचं, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. श्वास जड झाला तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या अगदी छोट्या मात्रा दिल्या, आणि कपाळ सैल झालं. अखेरच्या वेळी तोंडात गंगाजलाचे दोन थेंब आणि तुळशीचं पान ठेवणाऱ्यांना बहुधा हे ठाऊक असावं की जाणाऱ्याला पोटभर नको असतं, ओलावा हवा असतो.

आईने याबद्दल काही लिहून ठेवलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली ती ९ मार्च २०१८ ला, आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी माझं लिहायला घेतलंय. नळी नको, हे एका ओळीत लिहून झालं. अडलेय ती पुढच्या ओळीशी. हाताने भरवा, हे नक्की. पण ओठ मिटल्यावर किती वेळ थांबायचं, किती वेळा पुन्हा विचारायचं, हे लिहिणारी मी आणि ओठ मिटणारी ती कदाचित वेगळ्या असू. ही ओळ मी एकटीने लिहिणार नाही. लेक रविवारी येणार आहे, तिच्याशी बोलूनच ती लिहायची.