आवड कुणाची, निवड कुणाची

दसरा-दिवाळी उलटली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात. ट्रॉल्यांत बिऱ्हाडं, शेळ्या, लेकरं. आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे दोन दणकट स्पीकर. सांगली-कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत गाणी वाजत जातात. रस्त्यावरची शिकलेली मंडळी कानावर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘काय यांची आवड!’

या वाक्याशी माझं भांडण आहे. ते बोलणाऱ्याला गाणं नीट ऐकू आलेलं नसतं, त्याला ट्रॅक्टर दिसलेला असतो. ‘झिंगाट’ पुण्याच्या हॉलमध्ये वाजलं की ती ऊर्जा, आणि केजच्या रस्त्यावर वाजलं की धिंगाणा, असं कसं चालेल? मला ते गाणं मनापासून आवडतं. अजय-अतुल यांनी ‘सैराट’च्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला, हे कळण्याआधीही ते तितकंच आवडत होतं. मध्यरात्री उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्याला, कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत डोळे ताणून बसलेल्या ड्रायव्हरला, ठेक्याचं गाणं जागं ठेवतं. तिथे विलंबित ख्याल उपयोगाचा नाही. यात ख्यालाचा अपमान नाही.

लोकांची आवड वरून सुधारायचा प्रयत्न आपल्याच एका मराठी माणसाने करून पाहिला आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं खरं प्रेम होतं, आणि त्याच प्रेमापोटी त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरात पोचली आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. शास्त्रीय संगीताला तेव्हा आकाशवाणीने मोठा आधार दिला, हे खरं. पण एक गाणं बंद केल्याने दुसऱ्याची गोडी लागत नाही, हेही तेव्हाच सिद्ध झालं.

मग गोडी लागते कशी? 2006 मध्ये साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी बँडची 48 गाणी त्यांनी चौदा हजारांवर लोकांसमोर ठेवली. श्रोत्यांचे वेगवेगळे गट केले; बहुतेक गटांना आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते दिसत होतं. गाणी तीच, पण वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी डोक्यावर घेतली गेली. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट वर आलं नाही. मधल्या सगळ्यांचं नशीब मात्र आधीच्या श्रोत्यांनी ठरवलं. आमच्याकडे हे काम बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात व्हायचं. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारा पोरगा हा त्या काळी तालुक्याचा संगीत-संपादकच होता. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असेल ते तालुक्याला आवडायचं.

त्याच्याआधी कॅसेटने तर मोठीच उलथापालथ केली. प्रल्हाद शिंदे भीमगीतांचे आणि कव्वालीचे गायक. त्यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी गावोगावच्या देवळांच्या भोंग्यांवरून पहाटे वाजू लागली. ज्या गावांत देवळाची पायरी सगळ्यांना सारखी नव्हती, तिथे दलित गायकाचा आवाज गाभाऱ्यापर्यंत गेला. हे कोणत्याही संगीतसभेने घडवलं नाही. स्वस्त कॅसेट आणि तो खडा, भरदार गळा यांनी घडवलं. बाजारू म्हणून हिणवलेल्या गाण्याकडे बघताना मला हे विसरता येत नाही. तरी त्यामुळे गावातली पायरी सारखी झाली, असं म्हणायची माझी हिंमत नाही. कानाने स्वीकारलेलं मनापर्यंत पोचायला वेळ लागतो.

छाती हादरवणाऱ्या डीजेची बाजू मात्र मी घेणार नाही. ज्या आवाजापासून म्हाताऱ्याला नि तान्ह्या लेकराला सुटका नाही, तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही.

आवड घडायला मात्र आधी वाद्य हाताशी असावं लागतं. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाजासाठी देशभर नावाजले गेले, पद्मश्रीने गौरवले गेले. तो पखवाज आणि मांगवाड्यातली हलगी, दोन्ही याच जिल्ह्याची. ऊसतोड कामगारांच्या कितीतरी मुलांनी यांपैकी एकही वाद्य कधी हातात धरलेलं नसतं, कारण अर्धं वर्ष ती फडावर असतात. त्यांच्यासाठी शासनाने 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. त्या प्रत्येक वसतिगृहात एक पखवाज, एक हलगी, एक पेटी आणि पगारी संगीतशिक्षक द्यावा, ही माझी समाजकल्याण खात्याकडे मागणी आहे. मोबाइलवरची गाणी मुलांकडे राहू द्यावीत.